फी किती, आणि भरायची कधी?

महाराष्ट्रातल्या कॉलेज शिक्षणाच्या खर्चाला आजचे रूप आले ते १९८३ पासून. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना राज्य सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. सरकारी जागा मोजक्या होत्या, नवी कॉलेजे काढायला तिजोरीत पैसा नव्हता आणि इथली मुले डोनेशन भरून कर्नाटकात शिकायला जात होती. परवानगीमुळे जागा वाढल्या, तशी डोनेशनची प्रथाही इथेच रुजली. चारच वर्षांत, १९८७ मध्ये, राज्याला कॅपिटेशन फी बंदीचा कायदा करावा लागला. पुढचा बराच काळ हा वाद न्यायालयांत चालला. १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालाने जागांची ‘फ्री’ आणि ‘पेमेंट’ अशी विभागणी केली. पेमेंट जागेवरचा विद्यार्थी जणू शेजारच्या बाकावरच्या विद्यार्थ्याचीही फी भरत होता. २००२ च्या टी. एम. ए. पै निकालाने ती विभागणी रद्द केली. पुण्याच्या पी. ए. इनामदार यांच्या २००५ च्या खटल्यानंतर तत्त्व ठरले ते असे: खासगी संस्थेने वाजवी शिल्लक ठेवावी, नफेखोरी करू नये.

वाजवी म्हणजे किती, हे राज्यात शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. त्याला २०१५ च्या कायद्याचा आधार आहे आणि उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती त्याचे अध्यक्ष असतात. संस्था हिशेब सादर करते, प्राधिकरण पगार व इतर खर्च तपासून फी मंजूर करते. त्यामुळे एकाच शहरात, एकाच विद्यापीठाच्या एकाच अभ्यासक्रमाला दोन कॉलेजांची फी दुपटीने वेगळी असू शकते आणि दोन्ही कायदेशीर असतात. अभिमत विद्यापीठे या चौकटीबाहेर राहतात. अनुदानित कॉलेजातल्या बीए, बीकॉमची फी अजूनही तुलनेने हलकी आहे. त्याच इमारतीतली विनाअनुदानित तुकडी मात्र महाग असते, हे बऱ्याच पालकांना प्रवेशाच्या खिडकीशीच कळते.

मंजूर झालेली फी सर्वांनाच पूर्ण भरावी लागत नाही. अनुसूचित जाती-जमातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती व फ्रीशिप आहे. खुल्या प्रवर्गातल्या, वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेतून निम्मे शिकवणी शुल्क मिळते. व्यावसायिक अभ्यासक्रमांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना २०२४-२५ पासून, याच उत्पन्नमर्यादेत, शिकवणी व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पण विकास शुल्क, अनामत, बस, मेस, प्रयोगवह्या, लॅपटॉप यांपैकी काही ‘शिकवणी शुल्क’ या शब्दात बसत नाही. आणि ही माफी केंद्रीय प्रवेश फेरीतून, म्हणजे ‘कॅप’मधून आलेल्यालाच मिळते. संस्थास्तरावर किंवा व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली की माफीचा प्रश्नच उरत नाही.

एवढ्या योजना असताना घरोघरी ताण का, याचे उत्तर रकमेपेक्षा तारखेत सापडते. प्रवेश निश्चित करायचा असतो जुलै-ऑगस्टमध्ये, आणि शिष्यवृत्तीचा हप्ता येतो तो राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज, कॉलेजची पडताळणी, विभागाची मंजुरी आणि निधीची उपलब्धता असे टप्पे ओलांडून. कधी पुढचे शैक्षणिक वर्ष उजाडते. मधल्या काळात कॉलेजला पगार द्यायचे असतात, म्हणून ते विद्यार्थ्याकडून आधी पैसे मागते. पात्र विद्यार्थ्यांकडून ते घेऊ नयेत अशी परिपत्रके निघतात, आणि तरीही घेतले जातात. मराठवाडा-विदर्भातल्या शेतकरी कुटुंबासाठी ही तारीख आणखी वाईट पडते. जुलैत हातातला पैसा बियाणे आणि खतांत गेलेला असतो. सोयाबीन बाजारात जाते दसरा-दिवाळीच्या सुमारास, कापूस त्याच्याही नंतर. वर्षाच्या हिशेबात जी फी परवडते, तीच श्रावणात परवडत नाही. मग ती सावकाराकडून, सोने गहाण ठेवून किंवा मायक्रोफायनान्सच्या गटातून उभी राहते, आणि सरकारने माफ केलेल्या रकमेवर घर व्याज भरत राहते. हे व्याज कुठल्याही योजनेच्या हिशेबात दिसत नाही.

तारीख चुकण्याची किंमत काय असू शकते, हे २०२४ मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका मजुराच्या मुलाच्या प्रकरणात देशाने पाहिले. आयआयटी धनबादमध्ये मिळालेली जागा १७,५०० रुपये वेळेत भरता न आल्याने त्याच्या हातून गेली. सर्वोच्च न्यायालयाने घटनेच्या अनुच्छेद १४२ चा विशेषाधिकार वापरला, तेव्हा ती परत मिळाली. दर जुलैत जागा गमावणाऱ्या सगळ्यांना दिल्ली गाठणे अर्थातच शक्य नसते.

कागदांचेही असेच. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर आणि जात वैधता प्रमाणपत्र यांसाठी सेतू केंद्र, तहसील आणि पडताळणी समितीच्या फेऱ्या होतात. वैधता मुदतीत आली नाही, तर राखीव जागा आणि तिच्यासोबतची सवलत दोन्ही धोक्यात येतात. सरकार बहुतेक वर्षी मुदत वाढवते, पण ऐनवेळी.

राहण्या-जेवण्याचा खर्च हा फीइतकाच मोठा, आणि त्यावर कोणत्याही प्राधिकरणाचे नियंत्रण नाही. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तिच्यात पुणे-मुंबईसारख्या शहरात वर्षाला ६०,००० रुपये मिळतात: भोजनासाठी ३२,०००, निवासासाठी २०,०००, निर्वाहासाठी ८,०००. निवासाचे २०,००० म्हणजे महिन्याला १,६६६ रुपये. पुण्यात सदाशिव, नारायण पेठेत एका खोलीत चार-पाच खाटा टाकून ‘कॉट बेसिस’वर दिल्या जातात, त्यातली एक खाटही या पैशांत मिळणे कठीण. शिवाय मेस, अभ्यासिका आणि डिपॉझिट वेगळे. दोन्ही वेळचा डबा लावण्याऐवजी एक वेळ वडापाववर काढणारी मुले या पेठांत नवी नाहीत.

या अडचणीवर महाराष्ट्राने जुनी उत्तरेही शोधली होती, आणि ती सरकारी योजनांपेक्षा अधिक शहाणी होती असे म्हणायला जागा आहे. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ मध्ये मराठा बोर्डिंगपासून वसतिगृहांची मालिका सुरू केली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि ‘कमवा आणि शिका’ रुजवले. पुण्यात १९५५ पासून विद्यार्थी सहायक समिती गावाकडच्या मुलांना अल्प दरात राहायला-जेवायला देते. या तिन्ही प्रयत्नांत आधी डोक्यावर छप्पर आणि ताटात भाकरी, हिशेब नंतर, असा क्रम होता.

ज्यांना हे मिळत नाही त्यांच्यापुढे शैक्षणिक कर्ज उरते. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला केंद्राची पतहमी आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांसाठी तारण व जामीनदार लागत नाही. अभ्यासक्रम संपल्यावर साधारण वर्षभर हप्ता सुरू होत नाही. व्याज मात्र पहिल्या दिवसापासून धावते. उदाहरणादाखल, चार वर्षे दरवर्षी सव्वा लाख उचलले आणि व्याज दहा टक्के, सरळ धरले, तर पाचव्या वर्षाअखेर पाच लाखांचे पावणेसात लाख होतात आणि दहा वर्षांसाठी महिन्याला जवळपास ८,९०० रुपयांचा हप्ता बसतो. जिल्ह्याच्या ठिकाणी नवख्या इंजिनिअरला पंधरा-वीस हजारांची नोकरी मिळाली, तर त्यातला अर्धा पगार हप्त्यातच जातो. कॅम्पस मुलाखतीत नापास झालेल्या मुलाला घरी फोन करणे जड जाते, त्यामागे हे गणितही असते.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली, आणि राज्यांत महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा होता. कारण कधीच एकेरी नसते. परीक्षा, घर, जात, एकटेपणा आणि पैसा एकमेकांत गुंतलेले असतात, म्हणून हा सगळा भार फीवर टाकणे चुकीचे ठरेल. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कार्यदल नेमले. त्याने शोधायच्या कारणांत रॅगिंग, जातीय भेदभाव आणि अभ्यासाच्या ताणाबरोबर आर्थिक ओझ्याचाही स्पष्ट उल्लेख आहे. मनावरचा भार बोलून दाखवण्यासाठी केंद्राची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही उपलब्ध आहे. पैशांच्या अडचणीसाठी मात्र विद्यार्थ्याला अजून कॉलेजच्या लेखा विभागाच्या खिडकीशीच उभे राहावे लागते, आणि तिथल्या कारकुनाच्या हातात मुदत वाढवण्याचा अधिकार बहुधा नसतो.