दोष हाताचा की टेबलाचा? एअर रायफलचे झिरोइंग समजून घेऊ या



१ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकले. त्यांचा सराव आपल्या पुण्यातल्या बालेवाडीचा. त्यानंतर आमच्या येरवड्यातली मुलंही "सर, आम्हाला पण नेमबाजी" म्हणू लागली. साहजिकच सुरुवात १० मीटर एअर रायफलपासून होते. याच प्रकारात अंजली भागवत यांनी २००० मध्ये सिडनी ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठली होती.

आता माझी एक चूक सांगतो. नववीतली एक मुलगी उभी राहून नेम धरायची आणि तिचे छर्रे सतत खालीच लागायचे. मी तिला "श्वास धर, घाई करू नकोस" असं महिनाभर सांगत राहिलो. शेवटी ती म्हणाली, "सर, माझा हातच वाईट आहे." दोष तिच्या हातात नव्हताच. झिरोइंग करताना मी रायफलची नळीच वाळूच्या पिशवीवर टेकवली होती. पिशवीमुळे नळी वर रेटली गेली, छर्रे वर लागले, म्हणून मी साइट खाली आणली. पुढे हातात धरल्यावर तो रेटा नाहीसा झाला आणि छर्रे खाली जाऊ लागले.

झिरोइंग म्हणजे काय?
साइटमधून जिथे नेम दिसतो, तिथेच छर्रा लागावा अशी साइट जुळवणे. टेबलाचा आधार कशासाठी? मुलाचा हात हलण्याचा दोष बाजूला काढून फक्त रायफल तपासता यावी म्हणून. १० मीटरच्या लक्ष्यावरचा दहाचा ठिपका फक्त ०.५ मिलिमीटरचा आणि छर्रा ४.५ मिलिमीटरचा! म्हणजे आधारातली बारीक चूकही कागदावर उमटते.

आधार कसा द्यावा?
१. टेबल डुगडुगत असेल तर आधी पायाखाली पुठ्ठा घाला.
२. जुन्या जीन्सच्या पायाची पिशवी शिवा आणि कोरडी वाळू भरा. आत आणखी एक पिशवी हवी, नाहीतर वाळूचे कण यंत्रात शिरतात.
३. पिशवीवर दस्त्याचा पुढचा भाग येऊ द्या. नळी किंवा हवेचे सिलिंडर कधीही टेकवू नका.
४. दस्त्याच्या मागच्या टोकाखाली वाळू भरलेला मोजा ठेवा. तो दाबला की नेम वर-खाली अगदी हळू सरकतो.
५. स्प्रिंगची रायफल असेल तर पिशवी आणि दस्ता यांच्यामध्ये आपला तळहात ठेवा. आतला दट्ट्या सुटताच, छर्रा नळीबाहेर पडण्याआधीच, रायफल हिसका देते. कडक आधारावर ती उसळते. मऊ हातात प्रत्येक वेळी सारखीच हलते. आवळून धरू नका. भरलेल्या हवेच्या रायफलला असा हिसका जवळजवळ नसतो, ती थेट पिशवीवर चालते.

रायफल कशी जपावी?
टेबलावर जाड टॉवेल अंथरा. भिंतीला टेकवून उभी ठेवू नका. घसरली की साइट गेलीच समजा. स्प्रिंगची रायफल छर्ऱ्याशिवाय उडवू नका, दट्ट्याला हवेची गादी मिळत नाही आणि तो आत आदळतो. ताणून तशीच ठेवू नका. छर्रा भरताना मोडलेली नळी एका हाताने घट्ट धरा. सुटली तर बोटे चिरडतील. पुण्याच्या पावसाळ्यात घामाच्या हाताने गंज लवकर चढतो, म्हणून शेवटी किंचित तेलाच्या फडक्याने धातू पुसा.

आणि सगळ्यात आधी सुरक्षा: हे काम रेंजवरच, प्रशिक्षकासमोर, डोळ्यांवर चष्मा लावून. नळीचे तोंड सदैव लक्ष्याकडे.

साइट कशी फिरवावी?
एका छर्ऱ्यावरून निर्णय नको. पाच छर्रे मारा. पाचही एका जागी जमले, पण मधोमध नाहीत, तर साइट हलवा. पाचही विखुरले, तर साइटला हात लावू नका. आधी पिशवी, ढिले स्क्रू आणि छर्रे तपासा. मागची साइट, छर्रा जिकडे न्यायचा तिकडेच सरकवायची. एका क्लिकने किती फरक पडतो? दहा क्लिक फिरवून पुन्हा पाच मारा, अंतर पट्टीने मोजा आणि दहाने भागा. गणिताच्या तासाला याहून छान उदाहरण मिळणार नाही!

शेवटची जुळणी मात्र मुलाने उभे राहूनच करायची, कारण स्पर्धेत टेबल नसते.

त्या मुलीची रायफल आम्ही दोघांनी मिळून पुन्हा जुळवली. छर्रे मधोमध आले. मी तिची माफी मागितली. गणितात, वाचनात मागे पडणाऱ्या मुलाबद्दलही आता मी आधी हेच बघतो: आपण दिलेला आधार नीट आहे ना? तुम्हीही बघा.