मागचे ब्रेक : आधी ओळख, मग खरेदी

लोणार तालुक्यातील सुलतानपूर हे मेहकर-सिंदखेड राजा-जालना रस्त्यावरचे गाव. नवी गाडी वॉरंटी असेपर्यंत कंपनीच्या वर्कशॉपमध्ये जाते. पुढे ती दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आली की रस्त्याकडेच्या कारागिराच्या हाती येते. अशा गावांतील आपल्या अनेक मेकॅनिक बांधवांची रोजीरोटी या जुन्या गाड्यांवरच चालते. एस्टीम, अॅक्सेंट, इंडिगो, पहिली डिझायर, क्वचित एखादी अॅम्बेसेडर. या गाड्यांच्या मागच्या ब्रेकचे काम सोपे समजले जाते. पण याच कामात चुकीचा माल मागवून वेळ आणि पैसा दोन्ही वाया जातात.

मागणी देताना दुकानदाराला फक्त गाडीचे नाव आणि साल सांगितले जाते, तिथे घोटाळा होतो. एकाच नावाची गाडी दहा-बारा वर्षे विकली जाते. तेवढ्या काळात ड्रमचा व्यास, शूची रुंदी, व्हील सिलिंडर बदललेले असू शकतात. पेट्रोल आणि डिझेल, एबीएस असलेली आणि नसलेली, यांतही फरक पडतो. शिवाय जुन्या गाडीचा अख्खा मागचा एक्सल कुणी दुसऱ्या गाडीचा बसवलेला असेल, तर आर.सी. बुक पाहून काहीच कळणार नाही. जालन्याहून किंवा औरंगाबादहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरहून, आलेला सेट बसला नाही तर गाडी घोडीवर अडकते, जागा अडते आणि भाड्याने गाडी चालवणाऱ्याचा दिवस बुडतो.

ओळख कशी करावी?

प्रथम चाकाच्या जाळीतून पाहावे. आत बंद लोखंडी डबा दिसला तर ड्रम, चकचकीत तबकडी दिसली तर डिस्क. शेंद्र्याच्या कारखान्यात २००१ पासून जुळणी झालेल्या स्कोडा ऑक्टाव्हियासारख्या गाड्यांना मागेही डिस्क आढळते. या गाड्यांच्या डिकीत, स्टेपनीच्या खड्ड्याजवळ, कोड छापलेला कागद चिकटवलेला असतो. त्यातील '१के' ने सुरू होणारा कोड मागच्या ब्रेकचा असतो. तो दुकानदाराला सांगितला की निम्मे काम झाले.

ड्रम असेल तर तो उघडल्याशिवाय मागणी देऊ नये. ड्रमचा आतला व्यास आणि शूची रुंदी वर्निअरने मोजावी. छोट्या व मध्यम गाड्यांत १८०, २०० आणि २०३ मि.मी. असे ड्रम आढळतात. यातले २०० आणि २०३ नजरेला सारखेच दिसतात. केवळ डोळ्यांवर विसंबणारा इथेच फसतो. मापे, चासी नंबर आणि जुन्या भागावरचा नंबर वहीत उतरवावा. शक्य असेल तर जुना शू नमुना म्हणून दुकानात पाठवावा.

बदलताना

गाडी सपाट जागेवर घ्यावी, पुढच्या चाकांना दगड लावावा, जॅकवर भरवसा न ठेवता घोडी द्यावी आणि हँडब्रेक सोडावा. काही गाड्यांत ड्रम एक-दोन स्क्रूंवर बसवलेला असतो. काहींत ड्रम आणि हब एकच असून मधला नट काढावा लागतो. त्यात बेअरिंग असते. असा नट ठोकून बंद केलेला असतो. तो नवीन घालावा आणि कंपनीने सांगितलेल्या ताणानेच आवळावा. ड्रम अडकला तर आधी अॅडजस्टर ढिला करावा, हातोडा शेवटी.

आतली धूळ हवेच्या पाइपने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतो. त्याचे तंतू फुप्फुसात बसतात आणि कॅन्सरसारखा आजार कित्येक वर्षांनी उघड होतो. धूळ ओल्या फडक्याने पुसावी आणि फडके पिशवीत बांधून टाकावे. कामावर शिकणारी मुले शेजारीच उभी असतात, हे विसरू नये.

एका वेळी एकच बाजू उघडावी, म्हणजे स्प्रिंगांची जुळणी पाहायला दुसरी बाजू शाबूत राहते. डाव्या-उजव्या बाजूच्या अॅडजस्टरचे आटे बहुधा उलटे असतात. अदलाबदल झाली तर शू पुढे येण्याऐवजी मागे जातो. काही गाड्यांत पुढच्या आणि मागच्या शूच्या लायनरची लांबीही वेगळी असते. शू नेहमी दोन्ही चाकांचे मिळून बदलावेत. एकच बाजू नवी केली तर ब्रेक लागताच गाडी एकीकडे ओढते.

व्हील सिलिंडरचे रबर उचलून पाहावे. आत ओल दिसली तर सिलिंडर गळतो आहे. त्यावर नवे शू घालणे म्हणजे ते तेलात बुडवणेच. रबरला पेट्रोल, रॉकेल किंवा इंजिन ऑइल लावू नये, रबर फुगते. ड्रमवर कमाल व्यासाचा आकडा ओतलेला असतो. लेथवर घासून माप त्यापुढे जाणार असेल तर ड्रम बदलावा.

डिस्कच्या कॅलिपरमध्येच हँडब्रेकची यंत्रणा असेल तर पिस्टन नुसता दाबून आत जात नाही, फिरवत दाबावा लागतो. क्लॅम्पने जोर केला तर महागडा कॅलिपर निकामी होतो.

मागच्या एक्सलजवळ दांडी किंवा स्प्रिंग जोडलेला वाल्व दिसला तर त्याला हात लावू नये. वजनाप्रमाणे मागच्या ब्रेकचा दाब तोच ठरवतो.

शेवटी हवा काढावी. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. डॉट-३ प्रतीचे ताजे तेल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा शिरल्यावर ही मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येते. म्हणून उघड्या बाटलीतले जुने तेल वापरू नये. पेडल कडक झाल्याशिवाय गाडी हलवू नये. आधी मोकळ्या जागेत हळू चालवून ब्रेक तपासावेत, नंतरच किल्ली मालकाला द्यावी.

धंद्याचा हिशोब

थांबताना बहुतेक भार पुढच्या ब्रेकवर येतो, हे खरे. म्हणून मागचे ब्रेक 'नंतर बघू' म्हणून सोडले जातात. पण पाच माणसे आणि भरलेली डिकी घेऊन गाडी निघते, तेव्हा तिला सरळ थांबवण्याचे काम मागच्या ब्रेकलाही करावे लागते. समृद्धी महामार्ग २०२२ च्या डिसेंबरात नागपूर ते शिर्डी खुला झाल्यापासून आपल्या भागातील जुन्या गाड्याही ताशी १०० च्या पुढे पळवल्या जातात. वेग दुप्पट झाला की ब्रेकने जिरवायची शक्ती चौपट होते, हे ग्राहकाला समजावून सांगावे.

काम झाल्यावर जुने शू ग्राहकाच्या हाती द्यावेत. मापे, भागांचे नंबर आणि तारीख बिलावर लिहावी व तीच नोंद आपल्या वहीत ठेवावी. वर्षभरात या वहीत परिसरातील बहुतेक गाड्यांची मापे जमा होतील. मग कोणता सेट दुकानात ठेवायचा आणि कोणता पडून राहील, हे अंदाजाने ठरवावे लागणार नाही. ग्राहक आपल्या मुलाबाळांसकट ज्या गाडीत बसतो ती गाडी आपल्या हाती सोपवतो. मोजून केलेले काम हीच त्याला दिलेली पावती.