एडिसनहून पत्र : भेटीचे पैसे कोण देतं?

एडिसन, न्यू जर्सी

मुंबईतल्या बोरीवलीहून मला येणाऱ्या फोनांमध्ये एक प्रश्न आता नेहमीचा झाला आहे. मुलगा किंवा मुलगी इथे एमएस करायला आलेली असते. पहिलं सत्र कसंबसं निभावतं, दुसऱ्यात झोप उडते, जेवण सुटतं, घरी फोन करणं टळू लागतं. आई विचारते, “एवढा विमा भरलाय आपण, मग ही डॉक्टरकडे का जात नाही?” प्रश्न रास्त आहे. विम्याचे पैसे बहुतेकदा वडिलांनी काढलेल्या शैक्षणिक कर्जातूनच गेलेले असतात. त्या पैशांत काय मिळतं आणि काय मिळत नाही, हे इथे राहणाऱ्यांनाही नीट कळायला वेळ लागतो. म्हणून या वेळचं पत्र त्यावरच.

आधी हिशेब. समजा थेरपिस्टची फी एका भेटीला २०० डॉलर आहे. थेरपिस्ट विमा कंपनीच्या यादीतला, म्हणजे इथल्या भाषेत ‘इन-नेटवर्क’ असेल, तर कंपनीने त्याच्याशी आधीच दर ठरवलेला असतो. तो १२० धरू. पण कंपनी लगेच पैसे देत नाही. वर्षाचा सुरुवातीचा ठरावीक खर्च आपण सोसायचा असतो, त्याला डिडक्टिबल म्हणतात. तो १,५०० डॉलर असेल, तर आठवड्याला एक भेट धरून पहिल्या बारा भेटींचे १,४४० डॉलर आपल्याच खिशातून जातात. तेराव्या भेटीत डिडक्टिबल संपतं आणि पुढे दर भेटीला फक्त कोपे, म्हणजे आपल्या वाट्याची ठरावीक रक्कम उरते, समजा ३० डॉलर. सगळ्याच योजना अशा नसतात. काहींमध्ये पहिल्या भेटीपासून नुसता कोपे असतो. पण ज्या असतात त्यांच्यात वर्ष संपलं की गाडी पुन्हा शून्यावर येते. नोकरदारांच्या योजनेचं वर्ष बहुधा १ जानेवारीला सुरू होतं. नोव्हेंबरात धीर करून थेरपी सुरू करणारा माणूस डिडक्टिबल संपण्याआधीच जानेवारीत पुन्हा पहिल्या डॉलरपासून भरू लागतो आणि बरेचदा तिथेच थांबतो. हे मी जवळून पाहिलं आहे आणि त्याचं मला फार वाईट वाटतं, कारण थांबण्याचं कारण बरं वाटणं हे नसतं.

तरीही भेटीचे पैसे विमा देतो, ही गोष्ट इथे सहज घडलेली नाही. १९९६ च्या कायद्याने कंपन्यांना सांगितलं की शरीराच्या आजारांसाठी जेवढी रकमेची मर्यादा, त्याहून कमी मनाच्या आजारांसाठी लावता येणार नाही. कंपन्यांनी रकमेची मर्यादा काढली आणि भेटींच्या संख्येवर मर्यादा घातली. ही पळवाट बुजवायला बारा वर्षं लागली. मिनेसोटाचे डेमोक्रॅट सिनेटर पॉल वेलस्टोन यांचा मोठा भाऊ मानसिक आजारातून गेला होता. न्यू मेक्सिकोचे रिपब्लिकन सिनेटर पीट डोमेनिची यांच्या मुलीला स्किझोफ्रेनिया होता. राजकारणात दोन टोकांना असलेल्या या दोघांनी मिळून हा प्रश्न लावून धरला. वेलस्टोन २००२ मध्ये विमान अपघातात गेले. दोघांच्या नावाचा कायदा ३ ऑक्टोबर २००८ ला झाला, तोही बुडत्या बँकांना वाचवणाऱ्या विधेयकाला जोडून. भेटी, कोपे, पूर्वपरवानगी, सगळ्याला समान न्याय, असं त्यात आहे. मात्र मनाचे उपचार योजनेत असलेच पाहिजेत अशी सक्ती त्यात नव्हती. स्वतः घेतलेल्या आणि छोट्या कंपन्यांच्या विम्यासाठी ती २०१० च्या ओबामा यांच्या कायद्याने आणली, ती २०१४ पासून लागू झाली. २०२४ मध्ये समानतेचे नियम आणखी कडक केले गेले आणि २०२५ मध्ये नव्या सरकारने त्या नव्या नियमांची अंमलबजावणी थांबवत असल्याचं जाहीर केलं. २००८ चा कायदा मात्र जागेवर आहे.

आपल्याकडे काय आहे? कायद्यापुरतं पाहिलं तर आपण मागे नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, लागू झाला २९ मे २०१८ ला. त्याच्या कलम २१ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे की शारीरिक आजारांना ज्या आधारावर विमा मिळतो त्याच आधारावर मानसिक आजारांनाही मिळाला पाहिजे. त्याआधी मेडिक्लेमच्या वगळलेल्या आजारांच्या यादीत मनाचे आजार सर्रास असत. ऑगस्ट २०१८ मध्ये विमा नियामकाने परिपत्रक काढलं, आणि तरीही सगळ्या कंपन्या वळणावर आल्या नाहीत म्हणून ३१ ऑक्टोबर २०२२ ची मुदत घालून द्यावी लागली.

पण बोरीवलीतल्या घराघरांत जो मेडिक्लेम आहे तो मुळात खाटेचा विमा आहे. २४ तास भरती व्हा, मग क्लेम करा. मोतीबिंदू, डायलिसिस यांसारखे काही उपचार वगळले तर हाच नियम. आता चिंतेने पोखरलेला माणूस, बाळंतपणानंतर खचलेली आई, नोकरी गेल्यावर घराबाहेर न पडणारा पन्नाशीचा गृहस्थ, यांपैकी कोणाला खाट लागते? त्यांना दर आठवड्याला पाऊण तास शांतपणे ऐकून घेणारा जाणकार माणूस लागतो. तो पाऊण तास ओपीडीत मोडतो, आणि ओपीडीचा खर्च नेहमीच्या मेडिक्लेममध्ये नाही. समान आधार दिला खरा, पण तो खाटेच्या बाबतीत. माझ्या मते आपल्याकडची खरी अडचण ही आहे, आणि कायद्याचं कौतुक करताना ती सांगितली जात नाही. मुंबईतल्या केईएम किंवा नायर रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, खर्च नाममात्र आहे. पण बोरीवलीहून जाऊन-येऊन अर्धा दिवस जातो, आणि दर आठवड्याला अर्धी रजा कोण देणार? त्यामुळे माणूस खाजगी थेरपिस्टकडे जातो आणि चार भेटींनंतर पैशांसाठी थांबतो.

अमेरिकेने भेट हा उपचार मानला, हे तिचं मोठेपण मला मोकळेपणाने मान्य आहे. पण त्याची किंमत कागदावर चुकवावी लागते. कंपनी पैसे देते ती आजाराला. म्हणजे पहिल्या काही भेटींतच थेरपिस्टला निदानाचा कोड लिहावा लागतो. एफ ४१.१ म्हणजे सततची चिंता. एफ ४३.२ म्हणजे बदललेल्या परिस्थितीशी जुळवून घेताना आलेला त्रास. देश सोडून आलेल्या कितीतरी मुलांच्या कागदावर हा असतो. नवरा-बायकोचं पटत नाही, एवढंच असेल तर त्याचा कोड झेड ६३.० आहे, आणि केवळ त्यावर कंपन्या बहुधा पैसे देत नाहीत. भेट किती मिनिटांची, यालाही कोड. त्रास आहे पण आजार म्हणवत नाही, अशा माणसाने काय करायचं, याला या पद्धतीत जागा नाही.

आणि थेरपिस्ट मिळायला तर हवा. विमा कंपन्या कमी दर देतात आणि कागदपत्रं फार मागतात, म्हणून बरेच थेरपिस्ट विमा घेतच नाहीत. यादीत नावं मात्र असतात. २०२३ मध्ये सिनेटच्या वित्त समितीच्या कर्मचाऱ्यांनी ज्येष्ठांच्या मेडिकेअर ॲडव्हांटेज योजनांच्या यादीतल्या १२० नोंदींवर फोन करून पाहिले. भेटीची वेळ मिळाली ती फक्त १८ टक्के वेळा. बाकी नंबर चुकीचे, माणूस सोडून गेलेला, किंवा नवे रुग्ण घेणं बंद. मन खचलेल्या माणसाने असे वीस फोन करावेत ही अपेक्षाच क्रूर आहे. मी ओळखीच्या मुलांना सांगतो, यादी मैत्रिणीच्या किंवा रूममेटच्या हातात द्या, फोन त्यांना करू द्या.

आता भीतीबद्दल. आपल्या लोकांना दोन गोष्टींची धास्ती असते: नोकरी देणाऱ्या कंपनीला कळेल, आणि ग्रीन कार्ड अडकेल. १९९६ च्या गोपनीयतेच्या कायद्यामुळे तुम्ही कोणत्या थेरपिस्टकडे जाता याची माहिती विमा योजनेने तुमच्या साहेबाला नोकरीच्या निर्णयासाठी द्यायची नसते. थेरपिस्टच्या खाजगी टिपणांना तर वेगळं, जास्त कडक संरक्षण आहे. ग्रीन कार्डच्या वैद्यकीय तपासणीत कायदा पाहतो तो आजारामुळे स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होईल असं वर्तन आहे का, हे. नैराश्यावर उपचार घेतले एवढ्याने या तपासणीत सहसा कोणाचं कार्ड अडत नाही. खरी गळती घरातच होते. इथे मूल २६ वर्षांचं होईपर्यंत आई-वडिलांच्या विम्यावर राहू शकतं, आणि प्रत्येक भेटीनंतर कंपनी हिशेबाचा कागद पाठवते, तो वडिलांच्या नावाने घरी येतो. विद्यापीठात शिकणाऱ्या मुलीची थेरपी एडिसनच्या टपालपेटीतून उघड झाल्याची उदाहरणं इथल्या मराठी घरांत आहेत. कागद वेगळ्या पत्त्यावर पाठवा, अशी मागणी कंपनीकडे करता येते. ती आधी करायची असते.

भाषेचं दुखणं निराळं आहे. आईबद्दलचा राग इंग्रजीत सांगता येतो, पण तो सांगताना अर्धा हलका होऊन जातो. म्हणून मुलं मुंबईतल्या मराठी थेरपिस्टशी ऑनलाइन बोलतात. त्याचा उपयोग होतो, पण त्या व्यक्तीकडे इथल्या राज्याचा परवाना नसतो आणि विमा ते बिल मानत नाही. परवाना इथे राज्याराज्याचा आहे. न्यू जर्सीचा थेरपिस्ट उन्हाळ्यात कॅलिफोर्नियाला इंटर्नशिपला गेलेल्या मुलाशी बोलणं चालू ठेवू शकेलच असं नाही. न्यू जर्सीतलीच ‘साम्हिन’ ही दक्षिण आशियाई लोकांच्या मानसिक आरोग्यासाठी काम करणारी संस्था आपल्या भागातली संस्कृती जाणणारे उपचारक शोधायला मदत करते.

मुलं पाठवणाऱ्या आई-वडिलांसाठी आणखी एक गोष्ट. विद्यापीठाचा विमा महाग असतो, म्हणून बरेच जण भारतातूनच स्वस्त पॉलिसी घेऊन विद्यापीठाकडे त्याच्या विम्यातून सूट मागतात. पॉलिसी घेण्याआधी तिच्यात मानसिक आजारांसाठी बाह्यरुग्ण भेटी आहेत का, किती, आणि आधीपासूनच्या त्रासाला वगळलं आहे का, हे कागदावर वाचून घ्या. एजंटच्या शब्दावर जाऊ नका. अनेक विद्यापीठं सूट देताना नेमकं हेच तपासतात. सूट मागण्याची तारीख सत्र सुरू होण्याच्या आसपास असते, आणि ती गेली की ते वर्ष बहुधा आहे त्या विम्यावर काढावं लागतं. विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रातल्या सुरुवातीच्या भेटी बहुतेक ठिकाणी फीमध्येच येतात, त्यांना विमा लागत नाही. आणि रात्री-अपरात्री जीव नकोसा होण्याची वेळ आलीच तर मदतीचा ९८८ हा नंबर अमेरिकेत देशभर चालतो. बोरीवलीत बसून स्वतःचा जीव घाबरला तर तुमच्यासाठी टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ आहे. तिथे मराठीत बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत.