जुना स्टिरिओ, नवी डबी : पैसा कुठे घालावा?

टेंभी नाका म्हटले की ठाणेकरांना नवरात्र आणि दहीहंडीच्या दिवसांतले लाऊडस्पीकर आठवतात. आमचा आजचा विषय मात्र घराच्या चार भिंतींतल्या आवाजाचा आहे. 1970 ते 1990 या काळात कोकणातून आणि ठाणे जिल्ह्यातून आखातात नोकरीला गेलेल्या अनेकांनी परत येताना जपानी स्टिरिओ आणले. बहुतेकांचे टू-इन-वन होते. पण काहींनी हौसेने टेक्निक्स, सान्सुई, पायोनियर, आकाई यांचे वेगवेगळे डेक, अँप्लिफायर आणि लाकडी पेट्यांचे स्पीकर आणले. त्यात कुणाचे कित्येक महिन्यांचे पगार गेले. आज कॅसेट मिळत नाही, डेकचा पट्टा गळून पडलेला, आणि सेट चादरीखाली. भंगारवाला तो वजनावर मागतो.

आमच्या परिचयातील एका गृहस्थांनी वडिलांचा असाच सेट विकायला काढला होता. नाक्याजवळच्या एका मेकॅनिकने त्यांना अडवले : "चाचा, विकू नका. अँप्लिफायर जिवंत आहे. याला फक्त गाणे पुरवणारे काहीतरी हवे." गृहस्थांची शंका अशी, की एवढ्या भारी सेटला स्वस्तातली स्ट्रीमिंगची डबी लावणे म्हणजे शेरवानीखाली रबरी चप्पल घालणे नव्हे काय?

ही शंका बहुतेकांना येते, म्हणून तिचा उलगडा करतो. स्ट्रीमिंगची डबी घरातल्या वायफायवरून गाणे आकड्यांच्या रूपात घेते. कॉम्पॅक्ट डिस्कच्या दर्जाच्या गाण्यात प्रत्येक बाजूला सेकंदाला 44,100 आकडे, प्रत्येक आकडा 16 बिटांचा. म्हणजे दोन्ही बाजू मिळून सेकंदाला सुमारे 14 लाख बिट. आजच्या साध्या वायफायला हे ओझे नाही. आकडे बरोबर पोहोचले की डबी स्वस्त असो वा महाग, आकडे तेच. फरक पडतो तो पुढे, आकड्यांचे विजेच्या लहरीत रूपांतर करणाऱ्या भागात. त्याला डॅक म्हणतात. त्यानंतर अँप्लिफायर आणि सर्वांत शेवटी स्पीकर. आमच्या मते कानाला सर्वांत मोठा फरक स्पीकरचा कळतो आणि सर्वांत लहान डबीचा.

म्हणून डबी घेताना एकच पाहावे : तिला ऑप्टिकल किंवा कोअॅक्सिअल डिजिटल आउटपुट आहे काय? असेल तर आज तिच्या आतल्या डॅकवर भागवा. उद्या चांगला स्वतंत्र डॅक घेतला की डबीतून नुसते आकडे घ्यायचे. 2015 साली गूगलने अवघ्या 35 डॉलरची क्रोमकास्ट ऑडिओ ही डबी काढली, तिच्या एकाच छोट्या भोकातून साधा आणि ऑप्टिकल असे दोन्ही आउटपुट मिळत. हौशी मंडळी ती लाखांच्या सेटला जोडत. 2019 च्या जानेवारीत तिचे उत्पादन बंद झाल्याचे जाहीर झाले, आणि मार्च 2025 मध्ये आतले एक डिजिटल प्रमाणपत्र संपल्याने जगभरातल्या चालू डब्या काही दिवस मुक्या झाल्या; मग कंपनीने दुरुस्ती पाठवली. डबीचे आयुष्य कंपनीच्या मर्जीवर असते. चाळीस वर्षांच्या अँप्लिफायरला कुणाची परवानगी लागत नाही. मोठी रक्कम कोणत्या वस्तूत घालावी, हे यावरून समजावे.

टीव्हीची स्टिक घरात पडून असेल तर ती चालेल काय, असेही विचारले जाते. चालते, पण तिला फक्त एचडीएमआय असते. आवाज वेगळा काढणारी आणखी एक डबी मध्ये लागते, आणि गाणे लावायला टीव्हीही चालू ठेवावा लागतो. ब्लूटूथची डबी सर्वांत स्वस्त. पण त्यात आवाज पुन्हा एकदा दाबून पाठवला जातो आणि फोन वाजला की गाणे थांबते. वायफायच्या डबीत फोन केवळ रिमोटचे काम करतो.

जोडणीत होणारी मोठी चूक आता सांगतो. अँप्लिफायरच्या मागे ऑक्स, ट्यूनर, टेप, सीडी आणि फोनो अशी भोके असतात. फोनो सोडून कुठेही लाल-पांढरी वायर लावा. फोनो हे तबकडीच्या सुईचा अगदी क्षीण आवाज शंभरेक पट वाढवणारे भोक आहे. तिथे डबी जोडली तर आवाज फाटतो आणि स्पीकरला धोका. डबीचा आवाज पूर्ण ठेवून कमी-जास्त अँप्लिफायरवर करावे. मात्र पहिल्यांदा लावताना अँप्लिफायरची कळ शून्यावर हवी, कारण डबीचा आवाज जुन्या डेकपेक्षा जोरात येतो. घूं असा आवाज येत असेल तर तो बहुधा दोन उपकरणांच्या अर्थिंगचा घोळ असतो. ऑप्टिकल वायरीतून वीज जात नाही, प्रकाश जातो; म्हणून तिच्या मार्गाने येणारी घूं थांबते. त्यासाठी अर्थात पुढे ऑप्टिकल घेणारा डॅक हवा.

आणखी एक. सौदीतून आलेला सेट असेल तर मागची व्होल्टेजची कळ आधी पाहा. तिथे घरोघरी 110-127 व्होल्टची वीज होती. कळ 220-240 वर न नेता प्लग घातला तर डबीचा प्रश्नच उरणार नाही.

बाजारात "सर्व चॅनेल फुकट" सांगून विकल्या जाणाऱ्या बिननावाच्या अँड्रॉइड डब्यांपासून दूर राहावे. अशा डब्यांत आधीच घातक प्रोग्राम भरलेले असतात आणि घरच्या इंटरनेटचा वापर गुन्हेगार करतात, असा इशारा अमेरिकेच्या एफबीआयने जून 2025 मध्ये दिला आहे. ज्या फोनवरून बँकेचे व्यवहार होतात, तोही त्याच वायफायवर असतो.

व्यवसायाच्या दृष्टीने यात दुरुस्तीवाल्यांना काम आहे. बहुतेक ठिकाणी बिघाड किरकोळ निघतो. व्हॉल्यूमची कळ खरखरते, ती साफ करावी लागते. पॉवर सप्लायचे कपॅसिटर सुकलेले असतात. स्पीकरच्या कोनाभोवतीची फोमची कड आपल्या दमट हवेत कुजून भुगा होते; ती नवी चिकटवता येते आणि स्पीकर वाचतो. सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला मिळतात. ज्या तरुणाला हात साफ करता येतो, त्याने दुकानात एक डबी आणि एक डॅक कायम जोडून ठेवावा व गिऱ्हाइकाला त्याच्याच सेटवर ऐकवून मग मजुरी सांगावी. आमच्या त्या गृहस्थांनी दोन्ही स्पीकरच्या कडा बदलून घेतल्या आणि डबी साधीच घेतली. डॅक मात्र अजून घेतलेला नाही. पुढच्या पगाराला पाहू म्हणतात.