उसाची मोळी आणि हृदयाचे गणित

शांत बसलेल्या प्रौढ माणसाचे हृदय मिनिटाला सुमारे 72 वेळा आकुंचन पावते आणि दर ठोक्याला साधारण 70 मिलिलिटर रक्त महाधमनीत ढकलते. गुणाकार केला तर मिनिटाला 5 लिटर, म्हणजे अंगात असते जवळजवळ तेवढे सगळे रक्त. याला वैद्यकात कार्डिॲक आउटपुट म्हणतात. ठोके किती आणि एका ठोक्यात रक्त किती, एवढ्यावरच हा आकडा ठरतो. मात्र या दोन्ही गोष्टी एकट्या हृदयाच्या हातात नसतात.

ते पाहावे तर उसाच्या फडात. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी या भागांतून हजारो कुटुंबे पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. कमरेत वाकून ऊस तोडायचा, पाचट काढायचे, वाढे छाटायचे, मोळी बांधायची आणि ती डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवायची. पहाटे सुरू झालेले हे काम दुपार टळली तरी संपत नाही.

कोयता चालू लागताच राबणाऱ्या स्नायूंत कार्बन डायऑक्साइड, पोटॅशियम, ॲडेनोसिन साचू लागते आणि तिथल्या बारीक धमन्या आपोआप रुंदावतात. विसाव्यात सगळ्या स्नायूंना मिळून मिनिटाला जेमतेम 1 लिटर रक्त जाते. जड कामात एकूण आकडा 15 ते 20 लिटरवर पोचतो आणि त्यातला चार-पंचमांश वाटा स्नायूच घेतात. आतडी आणि मूत्रपिंडांचा वाटा तेवढ्यापुरता कापला जातो. पोटऱ्या आणि मांड्या दर पावलाला शिरा पिळून रक्त वर ढकलतात. हृदयाकडे जास्त रक्त परतले की त्याचा कप्पा जास्त ताणला जातो आणि जास्त ताणलेला कप्पा जास्त जोराने आकुंचन पावतो. जर्मनीत ओटो फ्रँक आणि लंडनमध्ये अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्याच्या सुरुवातीपर्यंत दाखवलेला हा नियम साधा आहे: येईल तेवढे पुढे पाठवायचे. म्हणून हृदयाला शरीराचा राजा म्हणणे तितकेसे बरोबर नाही. मागणी स्नायू करतात, हृदय ती पुरवते.

ठोक्यांचा वेग नसा ठरवतात. हृदयातील ठोक्यांचे केंद्र मोकळे सोडले तर मिनिटाला 100च्या आसपास ठोके देईल. व्हेगस नस त्याला सतत लगाम घालून 70-72वर ठेवते. काम सुरू होताना आधी हा लगाम सैल होतो, मग सिंपथेटिक नसा आणि ॲड्रेनलिन वेग वाढवतात. मानेतल्या धमनीच्या आणि महाधमनीच्या भिंतीतले दाबमापक क्षणोक्षणी मेंदूला रक्तदाब कळवत राहतात.

मोळी उचलणे हे मात्र चालण्या-वाकण्यापेक्षा वेगळे काम. श्वास रोखून जोर लावला की छातीतला दाब वाढतो, परतणारे रक्त क्षणभर अडते. घट्ट आवळलेले स्नायू स्वतःच्याच रक्तवाहिन्या दाबतात. रक्तदाब झपकन चढतो आणि हृदयाला त्या दाबाविरुद्ध रक्त ढकलावे लागते. हा विरोध टोकाला गेला तर काय होते, ते विंचूदंशात दिसते. लाल विंचवाच्या विषाने ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा लोट उसळतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी भरते. महाडला काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या आवळलेल्या वाहिन्या सैल करणारे प्राझोसिन वापरले. 1986 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याबद्दल प्रसिद्ध झाले.

फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात आणखी एक वाटेकरी येतो, तो म्हणजे त्वचा. अंग थंड ठेवायला तिच्याकडे लिटरच्या लिटर रक्त वळते. घामाने रक्तातले पाणी घटते, एका ठोक्यातले रक्त कमी पडते आणि तेच काम करायला ठोके वाढवावे लागतात. अंगात रक्त कमी असलेल्या बाईचे हृदय तर बसल्या जागीही जास्त रक्त फिरवत असते, कारण दर लिटरमागे ऑक्सिजन कमी. गरोदरपणात हाच आकडा 30 ते 50 टक्क्यांनी वाढलेला असतो, मोळी डोक्यावर येण्याच्या आधीच.

हृदयाला स्वतःला रक्त लागते ते कोरोनरी धमन्यांतून. महाधमनीच्या मुळाशीच त्या फुटतात. विसाव्यात त्यांतून मिनिटाला सुमारे 250 मिलिलिटर, म्हणजे एकूण रक्ताच्या 5 टक्के रक्त जाते. इतर स्नायू विसाव्यात मिळालेल्या ऑक्सिजनपैकी पाव हिस्साच घेतात, त्यामुळे त्यांच्याजवळ शिल्लक असते. हृदय 70 ते 75 टक्के आधीच घेऊन बसलेले असते. जास्त हवे असेल तर जास्त रक्त आणणे, याखेरीज त्याला फारसा मार्ग नाही. ॲडेनोसिन आणि वाहिन्यांच्या अस्तरातून सुटणारा नायट्रिक ऑक्साइड धमन्या रुंद करतात. निरोगी माणसात प्रवाह चौपट-पाचपट होऊ शकतो.

अडचण वेळेची आहे. आकुंचन होत असताना डाव्या बाजूचा जाड स्नायू स्वतःच्याच वाहिन्या चिमटून धरतो. त्याला रक्त मिळते ते मुख्यतः दोन ठोक्यांमधल्या विसाव्यात. 72 ठोक्यांना हा विसावा सुमारे अर्धा सेकंद असतो, 150 ठोक्यांना 0.2 सेकंदाच्या आसपास उरतो. गरज सर्वात जास्त तेव्हाच जेवायला वेळ सर्वात कमी. धमन्या स्वच्छ असतील तर त्या एवढ्याशा वेळातही भागते. एखादी धमनी 70 टक्के अरुंद झाली असेल तर पुढच्या बारीक वाहिन्या आधीच रुंदावून बसलेल्या असतात. बसल्या जागी काही जाणवत नाही, पण फळीवर चढताना छाती आवळते, आणि मोळी टाकून टेकले की पाच-दहा मिनिटांत मोकळे वाटते. हा अंजायना. फडावर त्याला बहुधा ‘गॅस’ म्हणतात.

अशा माणसाचा बसल्या जागी काढलेला ईसीजी पूर्ण नॉर्मल येऊ शकतो. म्हणून गावच्या दवाखान्यात असो की अंबाजोगाईच्या ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात, डॉक्टरला नुसते ‘छातीत दुखते’ एवढेच सांगू नये. काय करताना दुखते आणि टेकल्यावर थांबते का, तेही सांगावे. टेकूनही थांबत नसेल तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता तसेच निघावे.