सवड मिळाली तेव्हा

बेलापूर ते पेंधर ही नवी मुंबई मेट्रोची पहिली मार्गिका १७ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झाली आणि बेलपाडा या गावाचे नाव स्थानकाच्या पाटीवर चढले. खारघरमध्ये फ्लॅट घेणाऱ्या अनेकांना तोवर सेक्टरचे आकडे पाठ होते, पाडे नव्हते. पण उतारवयात कलेकडे वळणाऱ्यांचा आढावा घ्यायचा, तर सुरुवात सेक्टरपेक्षा पाड्यापासून केलेली बरी. पनवेल-उरणच्या आगरी समाजात एक कला अशी आहे, जिचा मान वयाबरोबर वाढतो. लग्नाचे विधी धवल्यांवर, म्हणजे विधिगीतांवर, चालतात आणि धवले गाते ती धवलारीण; बहुधा संसारात मुरलेली, पोक्त बाई. गाणी पोथीत पाहून म्हणायची नसतात. जुन्या धवलारणीच्या मागे बसायचे, तिचा सूर उचलायचा, एकेका विधीचे गाणे तोंडपाठ करायचे. पुढे बसायची पाळी येईतो केस पांढरे झालेले असतात आणि तिला ‘या वयात हे काय’ असे कुणी म्हणत नाही.

फ्लॅटमधल्या काका-काकूंना मात्र ते हमखास ऐकावे लागते. राज्य सरकारी नोकरीतले बहुतेक जण ५८ व्या वर्षी निवृत्त होतात. मग पेटीचा क्लास, जलरंग, कराओकेवर किशोरकुमार. त्यांची चेष्टा करणे सोपे आहे. आणि खरे सांगायचे तर काहींचा किशोरकुमार चेष्टेच्याच लायकीचा असतो. पण ‘उशीर झाला’ म्हणताना तो कुणामुळे झाला, हे सहसा विचारले जात नाही.

डॉ. श्रीराम लागूंचे उदाहरण सगळे देतात. १९२७ चा जन्म, कान-नाक-घशाचे शल्यविशारद, पुण्यात आणि टांझानियात व्यवसाय. १९६९ मध्ये, चाळिशी उलटल्यावर, त्यांनी ‘इथे ओशाळला मृत्यू’पासून रंगभूमी हाच पूर्णवेळ व्यवसाय केला, पुढच्याच वर्षी ‘नटसम्राट’ आले. धाडस मोठे, यात शंका नाही. मात्र हौशी रंगभूमीवर ते विद्यार्थिदशेपासून होते आणि नाटक फसलेच असते तर हाताशी पदवी होती.

फलटणच्या बेबीताई कांबळे यांच्यापाशी असे काहीच नव्हते. जन्म १९२९ चा, संसार मोठा, पोटासाठी छोटे दुकान. गल्ल्यावर बसून, गिऱ्हाइकांच्या अधल्यामधल्या वेळात त्या लिहीत आणि लिहिलेले घरच्यांच्या नजरेला पडू नये म्हणून लपवून ठेवत. अशी बरीच वर्षे गेली. संशोधनाच्या निमित्ताने फलटणला आलेल्या मॅक्सीन बर्नसन यांच्या प्रोत्साहनाने ते लेखन बाहेर आले. १९८२ मध्ये ‘स्त्री’ मासिकात ‘जिणं आमचं’ क्रमशः छापून येऊ लागले, तेव्हा बेबीताई पन्नाशी ओलांडून गेल्या होत्या. वाचकांच्या लेखी ती उशिरा आलेली लेखिका. प्रत्यक्षात उशीर झाला तो छापण्याला.

शांताबाई कांबळे यांचा मार्ग निराळा. १९२३ मध्ये जन्मलेल्या या शिक्षिकेने १९८१ साली निवृत्त झाल्यावर आत्मकथन लिहायला घेतले. ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ १९८६ मध्ये पुस्तकरूपाने आली आणि दूरदर्शनवर ‘नाजुका’ म्हणून मालिकाही झाली. नोकरी, जात आणि चूल या तिन्हींतून सुटका झाल्यावर नव्हे, त्यातली फक्त नोकरी सुटल्यावर एवढे झाले!

या सगळ्यांच्या आधीच्या लक्ष्मीबाई टिळक. १८६८ चा जन्म. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर. पती रेव्हरंड टिळकांचे चरित्र लिहायचे म्हणून मुलगा देवदत्त याने आईकडे आठवणी मागितल्या आणि आईने लिहिता लिहिता स्वतःचेच पुस्तक उभे केले. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ मध्ये निघाला. लेखिका तेव्हा पासष्टीच्या पुढे, आणि मराठीत त्या तोडीचा खट्याळपणा अजून विरळाच.

चित्रकलेत तर अशी उदाहरणे जगभर आहेत. रवींद्रनाथांनी गांभीर्याने कुंचला धरला तो साठीनंतर. १९३० मध्ये पॅरिसला प्रदर्शनही भरले. अमेरिकेतल्या ग्रँडमा मोझेसना संधिवातामुळे भरतकाम जमेना, म्हणून त्या ७८ च्या सुमारास रंगांकडे वळल्या आणि १०१ वर्षे जगल्या. मध्य प्रदेशातील जोधईया बाई बैगा साठी ओलांडेपर्यंत मजुरी करत होत्या. त्यानंतर काढलेल्या चित्रांसाठी २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. रंगभूमीवर पाहायचे, तर मुंबईत अमोल पालेकर २४ नोव्हेंबर २०१९ रोजी, ऐन पंचाहत्तराव्या वाढदिवशी, ‘कुसूर’मधून पुन्हा रंगमंचावर उभे राहिले.

नावाजलेल्यांची यादी अशी वाढवता येईल. पण बेलपाड्यासारख्या गावातल्या एखाद्या आजीला त्यातून काय मिळणार? तिच्या उपयोगाचे उदाहरण मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावचे आहे. तिथे ८ मार्च २०१६ रोजी ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. गुलाबी नऊवारी हाच गणवेश, खांद्याला दप्तर, हातात पाटी. शाळा अक्षरांची आहे, कलेची नव्हे. पण ती चालली त्याचे एक कारण वेळापत्रकात सापडते. वर्ग दुपारी भरतो. तोवर सकाळची झाडलोट, भाकरी, धुणी आटोपलेली असतात आणि संध्याकाळची चूल पेटायला अवकाश असतो. खारघर-पनवेलच्या एखाद्या समाजमंदिरात ज्येष्ठांसाठी गाण्याचा किंवा चित्रांचा वर्ग काढू पाहणाऱ्यांनी संध्याकाळी सहाची वेळ ठरवली, तर काका येतील. काकू त्या वेळी कणीक मळत असतील.