प्रवास आणि विस्थापन : हंगामी कामाचे दोन खर्च

काम म्हणजे काय, याचा विचार करताना एक साधा प्रश्न आपल्याकडून राहून जातो. काम नेमकं सुरू कधी होतं? हातात फावडं घेतल्यावर, की घर सोडल्यावर?

लडाखचं उदाहरण घेऊ. तिथे रस्त्यांच्या कामाला उन्हाळ्याचे मोजकेच महिने मिळतात. सीमा रस्ते संघटनेच्या कामांवर झारखंडच्या दुमका भागातले मजूर वर्षानुवर्षं जातात; त्यांत संथाळ आदिवासी पुष्कळ. १३ जून २०२० रोजी, करोनाच्या काळात, त्यांच्यासाठी दुमक्याहून खास रेल्वे सोडण्यात आली होती. आधी रेल्वे, मग डोंगरातला रस्ता. लेहची उंचीच सुमारे ११,५०० फूट. तिथल्या विरळ हवेची सवय व्हायला शरीराला काही दिवस लागतात. आता बघा, हे सगळे दिवस कुणाच्या खात्यावर मांडायचे?

हंगामी कामात पुष्कळदा भाड्याचे पैसे मध्यस्थ पुढे करतो आणि नंतर मजुरीतून वळते करतो. ऊसतोडीतली 'उचल' आपल्याला ठाऊक आहेच. म्हणजे माणूस कामावर पोचतो तो कर्ज डोक्यावर घेऊनच. नाही पटलं तर परत फिरण्याची मोकळीक त्याला उरत नाही.

१९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने याचं उत्तर दिलं होतं. कंत्राटदाराने जाण्यायेण्याचं भाडं द्यावं. प्रवासाचे दिवस कामावरचे धरून मजुरी द्यावी. शिवाय महिन्याच्या मजुरीच्या किमान निम्मा विस्थापन भत्ता द्यावा, आणि तो परत मागू नये.

यातल्या पहिल्या दोन गोष्टी प्रवासाच्या आहेत, तिसरी वेगळी आहे. भाडं हा अंतराचा खर्च झाला. घर, शेत, म्हातारी माणसं मागे ठेवून जावं लागतं, त्याची दखल विस्थापन भत्त्यात होती. या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या संहितेत प्रवास भत्ता राहिला, विस्थापन भत्ता मात्र गळला. किलोमीटर मोजता येतात, घर सोडणं मोजता येत नाही; पण मोजता येत नाही म्हणून ते नाहीच, असं आपल्याला म्हणता येईल का?

तेव्हा हंगामासाठी कुणाला बोलावताना तीन गोष्टी आधीच ठरवू या: दोन्ही वेळचं भाडं कुणाचं, वाटेतले दिवस भरणार का, आणि मध्येच परतावं लागलं तर काय. मजूर हे विचारायला कचरतो, म्हणून काम देणाऱ्यानेच ते आधी सांगायला हवं.